टोनर आणि मॉइश्चरायझर: बाटलीमागची घटकांची यादी कशी वाचावी?

वैनगंगा | ८ डिसेंबर, सकाळी १०:१२

नमस्कार. मी नागपूरला राहते. माझे वय ४६ आहे आणि मी शाळेत शिकवते. दिवाळी सरली की दर वर्षी माझ्या चेहऱ्याची कातडी ओढल्यासारखी होते, गालांवर पांढरट पापुद्रे येतात आणि पोटऱ्यांवर नख फिरवले तर पांढरी रेघ उमटते. पुण्याला शिकणाऱ्या लेकीने या वर्षी दिवाळीला येताना माझ्यासाठी एक टोनर (चेहरा धुतल्यावर लावायचा पातळ द्रव) आणि एक जेलसारखे मॉइश्चरायझर आणले. दोन्हींची मिळून किंमत १,१५० रुपये आहे. घरात औषधांच्या दुकानातून आणलेले १८० रुपयांचे एक साधे लोशनही आहे. काल तिन्ही बाटल्या शेजारी ठेवल्या, चष्मा लावला आणि मागच्या याद्या वहीत उतरवून काढल्या.

टोनरची यादी अशी आहे: पाणी, ब्युटिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, पँथेनॉल, फिनॉक्सीइथेनॉल, सोडियम हायलुरोनेट, कोरफडीचा अर्क, सुगंध, लिनालूल.

जेलमध्ये पाणी, ग्लिसरीन, डायमेथिकोन, नियासिनामाइड, कार्बोमर, फिनॉक्सीइथेनॉल, सोडियम हायलुरोनेट आणि सेरामाइड एनपी आहे.

साध्या लोशनमध्ये पाणी, लाइट लिक्विड पॅराफिन, ग्लिसरीन, सिटोस्टिअरिल अल्कोहोल, व्हाइट सॉफ्ट पॅराफिन, डायमेथिकोन आणि फिनॉक्सीइथेनॉल ही नावे आहेत, आणि शेवटी आणखी दोन-चार बारीक नावे आहेत.

टोनरच्या पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत 'हायलुरॉनिक आम्ल' लिहिले आहे, पण यादीत ते सहाव्या क्रमांकावर आहे, आणि तेही निराळ्या नावाने. ग्लिसरीन मात्र तिन्ही बाटल्यांत वरच्या क्रमांकांवर असूनही त्याचा उल्लेख पुढच्या बाजूला कोठेच नाही. हायलुरॉनिक आम्ल ग्लिसरीनपेक्षा खरोखर सरस आहे का, टोनरची मला गरज आहे का, आणि पॅराफिन व अल्कोहोल असलेले लोशन चेहऱ्याला लावणे सुरक्षित आहे का, हे जाणकारांनी सांगावे.

कऱ्हाकाठ | ८ डिसेंबर, दुपारी १२:४०

धागा काढल्याबद्दल मनापासून आभार. सेरामाइडचे नाव वाचून मीही असेच एक जेल विकत घेतले आहे, आणि यादीत ते अगदी शेवटी आहे. शेवटी असणे म्हणजे नगण्य असणे, असे समजावे का?

रसायनी | ८ डिसेंबर, रात्री ९:०५

मी गेली १४ वर्षे क्रीम आणि लोशन बनवणाऱ्या कारखान्यांत काम करतो, त्यामुळे या याद्या मी दुसऱ्या बाजूनेही पाहिल्या आहेत.

पहिली गोष्ट क्रमाची. आपल्याकडे सौंदर्यप्रसाधनांबाबत २०२० सालचे नियम लागू आहेत. त्यांनुसार जे घटक १ टक्क्याहून अधिक असतात ते प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. १ टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक मात्र त्यांच्यानंतर कोणत्याही क्रमाने लिहिता येतात. म्हणजे यादीत एक अदृश्य रेघ असते आणि ती कोठे पडते हे वाचकाने हुडकायचे असते. यासाठी फिनॉक्सीइथेनॉल फार उपयोगी पडते. हे बुरशी आणि जिवाणू रोखणारे परिरक्षक आहे, युरोपच्या नियमांनुसार ते १ टक्क्याहून अधिक वापरता येत नाही, आणि उत्पादक सहसा या मर्यादेच्या आतच राहतात. त्यामुळे यादीत त्याच्यानंतर जे जे येते ते १ टक्क्याच्या आतले समजावे. कार्बोमर जेलला घट्टपणा देतो आणि तो सहसा अर्ध्या टक्क्याच्या आतच लागतो, म्हणून वैनगंगाताईंच्या जेलमध्ये ती रेघ नियासिनामाइडच्या लगेच खाली पडते, कदाचित वरही.

आता कऱ्हाकाठ यांच्या प्रश्नाकडे येतो. शेवटी असणे म्हणजे निरुपयोगी असणे, असे सरसकट म्हणता येत नाही. सोडियम हायलुरोनेट हा हायलुरॉनिक आम्लाचाच क्षार आहे, आणि त्याचे मोठे रेणू १ टक्का जरी पाण्यात विरघळवले तरी मधासारखा दाट, ओघळायला कुरकुरणारा द्राव तयार होतो. पातळ टोनरमध्ये तेवढे घालणे शक्यच नसते. बहुतेक उत्पादनांत ते ०.१ टक्क्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असते, आणि तेवढ्यानेही त्वचेवर एक गुळगुळीत, ओलसर पापुद्रा बसतो. सेरामाइड, म्हणजे त्वचेत मुळातच असणारे एक स्निग्ध द्रव्य, त्याचे मात्र निराळे आहे. ते महाग असते, पाण्यात विरघळत नाही, आणि नुसते नाव छापता यावे म्हणून चिमूटभर घातलेलेही मी पाहिले आहे. यादीत एकाहून अधिक सेरामाइडे असतील आणि त्यांच्या सोबतीला कोलेस्टेरॉल व स्निग्धाम्ले असतील, तर उत्पादकाने विचारपूर्वक काम केले आहे असे मानायला जागा असते.

ग्लिसरीनविषयी मला आग्रहाने सांगायचे आहे, कारण इतका गुणी आणि इतका दुर्लक्षित घटक दुसरा नाही. त्याचा रेणू ९२ डाल्टनचा (डाल्टन हे रेणूच्या वजनाचे एकक) आहे, तर हायलुरॉनिक आम्लाचा मोठा रेणू १० लाख डाल्टनहूनही मोठा असतो. साधारण ५०० डाल्टनपेक्षा मोठे रेणू धडधाकट त्वचेतून सहसा आत जात नाहीत. म्हणजे हायलुरॉनिक आम्ल मुख्यतः पृष्ठभागावर काम करते, त्याचे लहान तुकडे केलेले प्रकार थोडे आत जातात, आणि ग्लिसरीन मात्र बाहेरच्या थरात खोलवर शिरून तेथे पाणी धरून ठेवते. आपल्या त्वचेच्या पेशींत ग्लिसरीन वाहून नेणारी प्रथिनांची दारेही असतात. ॲक्वापोरिन नावाच्या या प्रथिनांच्या शोधासाठी पीटर ॲग्रे यांना २००३ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांपैकी ॲक्वापोरिन-३ हे ज्या उंदरांत नव्हते त्यांची त्वचा कोरडी पडली, आणि ग्लिसरीन दिल्यावर ती सुधारली.

तेव्हा १० पैकी ९ वेळा मी यादीत आधी ग्लिसरीन कितव्या क्रमांकावर आहे हे पाहतो.

तळकोकणी | ९ डिसेंबर, सकाळी ७:३०

आमच्या सिंधुदुर्गात हवेतच इतका ओलावा असतो की चेहऱ्याला काही लावण्याची वेळ वर्षातून जेमतेम दोन महिने येते. त्या दोन महिन्यांत आमच्या घरी आजही कोकमाचे तेल वापरतात. कोकमाच्या बिया वाळवून, कुटून, पाण्यात उकळल्या की वर तवंग येतो, तो गार होऊन थिजला की काढून घेऊन मुठीत वळतात, म्हणून त्याला मुठेल म्हणतात. गोव्यात कोकमाला भिरंड म्हणतात आणि या तेलाला भिरंडेल. पायांच्या भेगांवर माझी आई हा गोळा निखाऱ्याजवळ धरून मऊ करायची आणि भेगेत भरायची.

आता रसायनी यांनी सांगावे की तुमच्या हिशेबात हे तेल कोठे बसते.

साधीराहणी | ९ डिसेंबर, सकाळी ११:१८

मला हा सगळा खटाटोप अनावश्यक वाटतो, आणि हे मी कोणाला दुखावण्यासाठी म्हणत नाही. आमच्या घरात चार पिढ्यांनी आंघोळीआधी तेल आणि आंघोळीनंतर पुन्हा दोन थेंब तेल एवढेच केले. कोरड्या त्वचेला स्निग्धता हवी, ती तेलाने मिळते. ज्या लोशनमध्ये खनिज तेलाच्या शुद्धीकरणातून निघालेले पॅराफिन आहे ते चेहऱ्याला का लावावे?

त्वचावैद्य | ९ डिसेंबर, रात्री १०:२२

मी त्वचारोगांचा वैद्यकीय व्यवसाय करते. साधीराहणी यांचा प्रश्न अनेक रुग्ण विचारतात, म्हणून सविस्तर लिहिते.

कोरड्या त्वचेला स्निग्धता हवी, हे अर्धे बरोबर आहे. १९५२ साली अमेरिकेतील अर्विन ब्लँक या संशोधकांनी पायाच्या घट्ट्याचे वाळलेले तुकडे घेतले. ते तेलात ठेवले तेव्हा कडकच राहिले. पाण्यात ठेवले तेव्हा मऊ, लवचीक झाले. त्वचेचा सर्वांत बाहेरचा थर मऊ ठेवते ते पाणी. तेल ते पाणी उडून जाण्यापासून वाचवते. म्हणून कोरड्या, सुकलेल्या कातडीवर तेल चोळले की ती चकचकीत दिसते पण आतून ताठच राहते, आणि तेच तेल ओल्या अंगावर लावले की गुण येतो. आपल्या आज्यांनी आंघोळ करून निघताना, अंग पुरते पुसायच्या आत तेल लावले, त्यामागे हेच शहाणपण होते.

हा बाहेरचा थर एखाद्या भिंतीसारखा असतो. मृत, चपट्या पेशी म्हणजे विटा, आणि त्यांच्यामध्ये चुन्यासारखी स्निग्ध द्रव्ये असतात. त्या चुन्यात वजनाने सुमारे निम्मी सेरामाइडे असतात, त्याखालोखाल कोलेस्टेरॉल आणि मुक्त स्निग्धाम्ले असतात. विटांच्या आत पाणी धरून ठेवणारे स्वतंत्र मिश्रण असते, त्यात अमिनो आम्ले सर्वांत जास्त, शिवाय लॅक्टिक आम्लाचे क्षार आणि युरिया. याद्यांत 'सोडियम पीसीए', 'सोडियम लॅक्टेट', 'युरिया' अशी नावे दिसली तर ती याच मिश्रणाची नक्कल असते. वय वाढते तसा चुना कमी होतो. वैनगंगाताई, चाळिशीनंतर त्वचा अधिक ओढली जाण्याचे ते एक कारण आहे.

पॅराफिनविषयी स्पष्ट बोलते. पांढरे मऊ पॅराफिन, म्हणजे ज्याला आपण व्हॅसलीन म्हणून ओळखतो ते, रॉबर्ट चेसब्रो यांनी १८७२ साली पेटंट घेऊन बाजारात आणले, आणि पाणी अडवण्याच्या कामात त्याच्या तोडीचा घटक अजून फारसा सापडलेला नाही. औषधी आणि प्रसाधनी दर्जाचे पॅराफिन पुष्कळ शुद्ध केलेले असते, त्याची ॲलर्जी अत्यंत विरळ आहे, आणि इसब झालेल्या तान्ह्या मुलांनाही आम्ही ते देतो. ज्या तेलांना आपण नैसर्गिक म्हणून निर्धास्तपणे लावतो त्यांतली काही तेले मात्र त्रास देतात. ऑलिव्ह तेलात ओलेइक आम्ल भरपूर असते आणि ते तो चुना सैल करते, तर सूर्यफुलाच्या तेलातील लिनोलेइक आम्ल त्वचेला मानवते.

आणि 'अल्कोहोल' या शब्दाने घाबरू नये. सिटोस्टिअरिल अल्कोहोल हा मेणासारखा पांढरा घन पदार्थ आहे. तो लोशनला दाटपणा आणि त्वचेला मऊपणा देतो. उडून जाणारे आणि त्वचा सुकवणारे अल्कोहोल 'इथेनॉल', 'अल्कोहोल डिनॅट' किंवा नुसते 'अल्कोहोल' या नावाने येते. ते टोनरच्या पहिल्या तीन-चार नावांत असेल तर कोरड्या त्वचेच्या माणसाने ती बाटली परत ठेवावी.

रसायनी | १० डिसेंबर, सकाळी ८:४६

तळकोकणी, कोकमाच्या तेलात स्टिअरिक आम्ल खूप असते, त्यामुळे ते खोलीच्या तापमानाला खडूसारखे कडक राहते आणि अंगाच्या उष्णतेच्या आसपास वितळते. भेगेत भरले की ते तेथेच थिजून बसते, ओघळत नाही. पाणी उडू न देणारे झाकण म्हणून ते उत्तमच आहे. मी स्वतः टाचांच्या क्रीममध्ये ते वापरले आहे. त्यात पाणी धरणारे काही नाही, म्हणून पाय कोमट पाण्यात भिजवून मग लावले तर दुप्पट उपयोग होईल.

डॉक्टरांनी म्हटले तसे झाकण हवेच, पण प्रत्येक झाकण सारखे नसते. व्हाइट सॉफ्ट पॅराफिन पाण्याची वाफ जवळजवळ पूर्ण अडवते. डायमेथिकोन हे सिलिकोन आहे. ते वाफ बरीचशी जाऊ देते, त्यामुळे हलके वाटते आणि चिकटत नाही. जेलमध्ये पॅराफिन नाही, केवळ डायमेथिकोन आहे. मुंबईच्या दमट हवेत ते पुरेल. नागपूरच्या डिसेंबरात मला शंका आहे.

मुळाकाठची | १० डिसेंबर, दुपारी ३:१५

मला तेलाविषयी एक सावधगिरीची सूचना करायची आहे. माझी त्वचा तेलकट आणि मुरुमांची आहे, तरीही थंडीत ओठांच्या कडेला आणि गालांवर ती कोरडी पडते. तीन वर्षांपूर्वी मी रोज रात्री चेहऱ्याला खोबरेल तेल लावू लागले, कारण केसांना चालते तर चेहऱ्यालाही चालेल असे वाटले. सहा आठवड्यांत कपाळ आणि हनुवटी बारीक दाण्यांनी भरून गेली, आणि ती पूर्ववत व्हायला चार महिने लागले. हातापायांना मात्र तेच तेल मला आजही मानवते.

मला ५ टक्के नियासिनामाइड आणि ग्लिसरीन असलेल्या पातळ लोशनने गुण आला. तेव्हा टोनर अनावश्यकच असतो असे मात्र कोणी म्हणू नये. ज्यांना क्रीमचा थरच सोसत नाही त्यांच्यासाठी ग्लिसरीनयुक्त पातळ टोनर हेच मॉइश्चरायझर ठरू शकते.

त्वचावैद्य | १० डिसेंबर, रात्री ९:५०

मुळाकाठची यांचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. नियासिनामाइड म्हणजे ब३ जीवनसत्त्व; ते त्वचेला स्वतःची सेरामाइडे तयार करायला मदत करते, म्हणून २ ते ५ टक्के नियासिनामाइड हे कित्येकदा चिमूटभर सेरामाइडपेक्षा अधिक कामाचे असते. परिणाम दिसायला चार-सहा आठवडे लागतात, तेवढा धीर धरावा.

थंडीतला_मराठी | ११ डिसेंबर, पहाटे ४:०२

मी टोरांटोला राहतो. येथे बाहेर उणे १५ आणि घरात हीटर, त्यामुळे घरातली हवा इतकी कोरडी होते की लोकरीचा स्वेटर काढताना ठिणग्या उडतात. मी आल्या आल्या हायलुरॉनिक आम्लाचे सीरम वापरायला लागलो. लावल्यावर दहा मिनिटे छान वाटे, मग चेहरा पूर्वीपेक्षाही अधिक ओढला जाई. हा घटक कोरड्या हवेत पाणी बाहेरून न घेता त्वचेच्या आतून ओढतो, असे मी ऐकले आहे. हे खरे आहे का? सीरमवर जाड क्रीम लावू लागलो तेव्हापासून तक्रार थांबली, एवढे मी अनुभवाने सांगू शकतो.

रसायनी | ११ डिसेंबर, सकाळी ९:३३

याचे एक साधे कारण डोळ्यांसमोर ठेवावे. सीरम आणि टोनर यांचा बहुतांश भाग पाणीच असतो. कोरड्या हवेत ते पाणी काही मिनिटांत उडते, आणि मागे हायलुरॉनिक आम्लाचा सुकलेला पापुद्रा राहतो. असा पापुद्रा सुकताना आक्रसतो, आणि तोच ताण आपल्याला ओढल्यासारखा जाणवतो. याशिवाय आतले पाणीही ओढले जाते की नाही याची चर्चा करता येईल, पण उपाय दोन्ही बाबतींत एकच आहे: ओलसर चेहऱ्यावर लावावे आणि मिनिटभरात वर झाकण घालावे. झाकणाविना टोनर हा नागपूर, टोरांटो किंवा वातानुकूलित कार्यालय यांपैकी कोठेच पुरेसा नाही.

कऱ्हाकाठ | ११ डिसेंबर, दुपारी १:०७

आमच्या घरी टोनर म्हणून गुलाबपाणी, ग्लिसरीन आणि लिंबाचा रस सम प्रमाणात मिसळून बाटलीत ठेवतात. सासूबाई ५० वर्षे हे वापरत आहेत. ते योग्य आहे का?

त्वचावैद्य | ११ डिसेंबर, रात्री १०:१५

लिंबू तेवढे वगळावे. त्वचेचा सामू (पीएच) साधारण ५ च्या आसपास असतो, लिंबाच्या रसाचा २ च्या आसपास. चिरा पडलेल्या त्वचेवर तो झोंबतो. शिवाय लिंबाच्या जातीच्या फळांचा रस लावून उन्हात गेल्यास काही जणांना भाजल्यासारखे डाग पडतात आणि ते महिनोन् महिने राहतात. दुसरे म्हणजे एक तृतीयांश ग्लिसरीन हे प्रमाण फार जास्त आहे. ते चिकट होते आणि इतके दाट असताना पाणी स्वतःकडेच ओढून घेते. १०० मिलिलिटर गुलाबपाण्यात दीड-दोन चहाचे चमचे ग्लिसरीन पुरेसे आहे. नुसते गुलाबपाणी सुवासिक असते, गार वाटते, पण त्यात पाणी धरून ठेवणारे काहीच नसते. ग्लिसरीन घातल्यावर त्याचा खऱ्या अर्थाने टोनर होतो. घरी केलेल्या मिश्रणात परिरक्षक नसते, म्हणून ते थोडेच करावे, शीतकपाटात ठेवावे आणि आठवडाभरात संपवावे.

टोनरच्या मूळ कामाविषयीही थोडे लिहिते. पूर्वी चेहरा साबणाने धुतला जाई. साबणाचा सामू ९ ते १० असतो आणि जड पाण्यात त्याचा थर चेहऱ्यावर राहतो. तो पुसून काढण्यासाठी अल्कोहोल असलेले टोनर आले. आता सौम्य फेसवॉश वापरणाऱ्यांना त्या कामासाठी टोनर लागत नाही. जपानमध्ये मात्र चेहरा धुतल्यावर लावायचे पातळ द्रव हे आधीपासून ओलावा देण्यासाठीच असते, आणि आज बाजारात आलेले बरेचसे टोनर त्या वळणाचे आहेत. नाव एक, काम दोन, म्हणून यादी वाचल्याशिवाय टोनर घेऊ नये.

तळकोकणी | १२ डिसेंबर, सकाळी ७:४८

थोडे विषयांतर करतो. आईच्या पेटीत काचेची एक बरणी होती, तिला सगळे 'स्नो' म्हणत. स्नो-पावडर केल्याशिवाय लग्नाला जायचे नाही, असा तेव्हाचा दंडक होता. तो स्नो लावताच नाहीसा होत असे. त्यात काय असे?

रसायनी | १२ डिसेंबर, दुपारी २:२०

या प्रश्नाने मला फार आनंद झाला. स्नो म्हणजे मुख्यतः स्टिअरिक आम्ल आणि पाणी. आम्लाचा थोडा भाग अल्कलीने साबणात बदलतात, तो साबण उरलेले आम्ल पाण्यात धरून ठेवतो, आणि चेहऱ्यावर पाणी उडाले की आम्लाचा अतिशय पातळ, दिसेनासा थर राहतो, ज्यावर पावडर छान बसते. याच्या उलट कोल्ड क्रीम. मेण, तेल आणि गुलाबपाणी यांचे ते मिश्रण. त्याचे श्रेय दुसऱ्या शतकातील गेलेन या वैद्याला देतात. त्यातले पाणी उडताना गारवा येतो, म्हणून ते 'कोल्ड'. दोन्हींच्या तुलनेत आजच्या लोशनमध्ये ग्लिसरीनसारखे पाणी धरणारे घटक, मऊपणा देणारे आणि झाकणारे घटक असे तिन्ही एकत्र मिळतात. ताईंच्या १८० रुपयांच्या लोशनची यादी पुन्हा वाचावी: ग्लिसरीन धरते, सिटोस्टिअरिल अल्कोहोल व लिक्विड पॅराफिन मऊ करतात, सॉफ्ट पॅराफिन झाकते. कागदावर तरी मला त्यात काहीच उणे दिसत नाही.

साधीराहणी | १२ डिसेंबर, संध्याकाळी ६:३०

पाण्यात आणि तेलात ठेवलेल्या घट्ट्याच्या तुकड्यांचा प्रयोग वाचून मी विचारात पडलो. कालपासून अंग पुसण्याआधी तेल लावून पाहत आहे, आणि फरक आहे हे मान्य करतो. पॅराफिनविषयीचा माझा आक्षेप मात्र आता सुरक्षिततेचा नसून ते कोठून येते याचा आहे, आणि तो मी कायम ठेवतो.

मुळाकाठची | १३ डिसेंबर, सकाळी ९:१०

टोनरच्या यादीतील 'सुगंध' आणि 'लिनालूल' यांकडे कोणी लक्ष वेधले नाही. लिनालूल हा सुगंधी घटक आहे, हवेशी संपर्क येऊन तो बदलला की काहींना त्याची ॲलर्जी होते, म्हणूनच युरोपात तो नावानिशी छापावा लागतो. पापुद्रे आलेल्या, चिरलेल्या त्वचेवर बिनवासाचेच उत्पादन लावावे.

तसेच कोरफडीच्या अर्काला भुलू नये. कोरफडीचा गर सुमारे ९९ टक्के पाणीच असतो. घरचे पान कापून लावायचे असेल तर सालीखालचा पिवळा चीक निथळू द्यावा, कारण तो खाज आणतो.

वैनगंगा | ९ जानेवारी, रात्री ८:४०

सर्वांचे मनापासून आभार. इतक्या आपुलकीने उत्तरे मिळतील असे वाटले नव्हते. मी मुलांना विज्ञान शिकवते, तेव्हा वाटले की स्वतःच्या चेहऱ्यावरच एक प्रयोग करावा.

१५ डिसेंबरपासून पहिले दहा दिवस सकाळी चेहरा धुऊन, टॉवेलने हलकेच टिपून, डाव्या गालावर टोनर आणि जेल, उजव्या गालावर केवळ साधे लोशन लावले. दुपारी दोनच्या सुमारास शाळेत डावा गाल ओढला जाई, उजवा नाही. पुढचे दहा दिवस दोन्ही गालांवर साधे लोशन, पण डावीकडे त्याखाली टोनर. दोन्ही गालांत मला कसलाच फरक जाणवला नाही. लेकीलाही मी डोळे मिटून हात लावून सांगायला सांगितले, तिलाही सांगता आला नाही. शेवटचे पाच दिवस साधे लोशन एका बाजूला ओल्या आणि दुसऱ्या बाजूला पूर्ण सुकलेल्या गालावर लावले. हा फरक मात्र पहिल्याच दिवशी कळला. ओल्या बाजूला लोशन निम्मेच लागले आणि मऊपणा शाळा सुटेपर्यंत टिकला.

एका माणसाच्या दोन गालांवरून सर्वांसाठी निष्कर्ष काढता येत नाही, हे मी वर्गात नेहमी सांगते, आणि येथेही सांगते. टोनर लेक परत घेऊन गेली. तिची त्वचा तेलकट आहे आणि तिला तो एकटाच पुरतो.

पोटऱ्यांवर मात्र अजून खवल्यांसारखे दिसते, आणि यजमानांच्या टाचांना भेगा आहेत. त्यासाठी काय पाहावे? आणि उन्हाळ्यात ४५ अंशांना हे लोशन जड होईल का?

रसायनी | १० जानेवारी, सकाळी ७:५५

फार सुंदर प्रयोग केलात. उन्हाळ्यात जेल परत काढा. नागपूरला घरोघरी वाळ्याच्या ताट्यांचे कूलर असतात, आणि कूलर पाण्यावरून हवा खेळवतो, म्हणून खोलीतली हवा दमट राहते. तेथे ग्लिसरीन आणि डायमेथिकोन पुरेल. मात्र ज्या खोलीत एसी चालतो तेथे हवा सुकते, तेथे साधे लोशनच ठेवा.

त्वचावैद्य | १० जानेवारी, रात्री १०:०५

पोटऱ्यांसाठी यादीत युरिया पाहा. ५ ते १० टक्के युरिया पाणी धरून ठेवतो, आणि त्याचा रेणू ग्लिसरीनपेक्षाही लहान, ६० डाल्टनचा आहे. १० टक्क्यांच्या पुढे तो जाड, मेलेली कातडी मऊ करून सोडवतो, म्हणून टाचांसाठी २० टक्क्यांपर्यंतचा चालतो, चेहऱ्यासाठी नाही. चिरेतून रक्त येत असेल तर तो झोंबतो. आधी आठवडाभर नुसते पांढरे मऊ पॅराफिन किंवा तळकोकणी यांचे कोकमाचे तेल भरून, रात्री मोजे घालून भेग मिटू द्यावी.

यजमानांना मधुमेह असेल तर मात्र भेगांवर घरी प्रयोग करू नका, पाय प्रत्यक्ष डॉक्टरांना दाखवा.

वैनगंगा | ११ जानेवारी, सकाळी ६:५०

त्यांना सहा वर्षांपासून मधुमेह आहे. आजच संध्याकाळची वेळ घेतली आहे.